दंड आणि साम : एड्सच्या साथींतील लोकसंघटनेचा इतिहास व त्याचीं साधनें

१

इतिहासाच्या साधनांचा विचार करतांना आपणांपुढें सामान्यतः दोनशें-तीनशें वर्षांपूर्वींचे कागद उभे राहतात. मोडी रुमाल, देवस्थानांच्या सनदा, महजर, करीने, शकावल्या हीं साधनें मिळवावीं, तपासावीं व छापावीं, हें आपल्या मंडळींचें कार्य. प्रस्तुत लेखकाचें आयुष्यहि शाळेंत संस्कृत शिकविण्यांत आणि सुटीच्या दिवसांत मालवणाकडचीं जुनीं दप्तरें धुंडाळण्यांत गेलें. असें असतां या लेखाचा विषय अवघ्या चाळीस वर्षांतला आहे, हें पाहून कित्येक वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु साधन जुनें झाल्यावर त्याचा शोध करावयाचा आणि तें नवें असतां त्याची उपेक्षा करावयाची, ही आपली जुनी खोड आहे. वाळवीनें खाल्लेल्या दप्तरांबद्दल आपण पूर्वजांस दोष देतों. तोच दोष आपल्या माथीं येऊं नये म्हणून हा प्रयत्न.

विषय असा : एड्सच्या साथींत रोगापासून बचाव आणि रोग्यांची शुश्रूषा हीं दोन्हीं कामें, ज्यांना त्या रोगाची झळ लागली त्यांनींच आपल्या हातीं कशीं घेतलीं, आणि त्या उद्योगाच्या साधनांविषयीं आपलें कर्तव्य काय. राजनीतिशास्त्रांत साम, दान, भेद व दंड असे चार उपाय सांगितले आहेत, आणि दंड हा शेवटचा मानला आहे. साथींच्या इतिहासांत मात्र सत्ता बहुधा शेवटच्या उपायापासून आरंभ करते व फार हानि झाल्यावर पहिल्याशीं येऊन पोंचते. हें माझें प्रतिपाद्य आहे. त्याचीं प्रमाणें क्रमानें देतों.

२

संसर्गानें जडणाऱ्या रोगाचा दोष परक्याच्या माथीं मारणें ही रीति नवी नाहीं. सुश्रुतसंहितेंत उपदंश आहे. फिरंगरोग हें नांव तेथें नाहीं. तें इसवी सनाच्या सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशांत आढळतें. पोर्तुगीज लोक १४९८ सालीं कालिकतास उतरले व १५१० सालीं त्यांनीं गोवें घेतलें. पुढें त्याच शतकांत फिरंग्यांच्या संसर्गानें होणारा रोग म्हणून त्याचें वर्णन संस्कृत वैद्यकग्रंथांत यावें, हा कालानुक्रम लक्षांत घेण्यासारखा आहे. भावमिश्र या रोगाचे बाह्य, आभ्यंतर व उभयविध असे तीन प्रकार करतो आणि रसकर्पूर व चोपचिनी यांची योजना सांगतो. याच चोपचिनीविषयीं गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानें १५६३ सालीं गोव्यांत छापलेल्या आपल्या ग्रंथांत एक स्वतंत्र संवाद घातला आहे. म्हणजे रोग आणि त्याचें औषध हीं दोन्हीं आमच्याच किनाऱ्याशीं बोटभर अंतरावर नोंदलीं गेलीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ग्रंथकारानें रोगाला परक्याचें नांव दिलें. परंतु रोग्याला औषधच सांगितलें, दंड सांगितला नाहीं.

आमच्या कांहीं वैद्यमित्रांचें म्हणणें असें कीं, चरकांतील ओजःक्षय किंवा राजयक्ष्मा म्हणजेच आजचा एड्स होय. हें मत मला ग्राह्य वाटत नाहीं. लक्षणें जुळलीं म्हणून निदान जुळत नाहीं. एड्सचा विषाणु १९८३ सालीं पॅरिस येथील पाश्चर संस्थेंत ओळखला गेला, आणि तो मध्य आफ्रिकेंतील वानरजातींतून विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास मनुष्यांत शिरला, असें शास्त्रज्ञांनीं त्याच्या वंशावळीवरून ठरविलें आहे. ज्याचा जन्मच तेव्हां झाला तो चरकास दिसणें शक्य नव्हतें. प्राचीनांचा गौरव असल्या ओढाताणीनें होत नाहीं.

३

आतां दंडाचा इतिहास पाहूं. पेशवे दप्तर चाळलेल्यांस सिंदळकीबद्दल घेतलेल्या गुन्हेगारीच्या नोंदी ठाऊक आहेत. देवस्थानांच्या हिशेबांत भाविणींस दिलेल्या शिध्याच्या व लुगड्यांच्या रकमा येतात. दोन्हीं ठिकाणीं स्त्री आहे ती जमेच्या किंवा खर्चाच्या बाजूस; तिचें स्वतःचें म्हणणें त्या कागदांत कोठेंहि नाहीं. ही उणीव पुढील विवेचनाच्या मुळाशीं आहे.

इंग्रजी अंमलांत १८६८ सालीं सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. गोऱ्या फौजेंत गरमी-परम्याचें प्रमाण वाढलें होतें, त्यावर हा उपाय. वेश्यांनीं आपली नांवें नोंदवावीं, ठराविक काळानें तपासणीस यावें, आणि रोग आढळल्यास बंद इस्पितळांत राहावें, अशी सक्ति होती. त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची तपासणी मात्र नव्हती. परिणाम काय झाला ? स्त्रिया नोंदणी चुकवूं लागल्या, हद्दीबाहेर जाऊन राहूं लागल्या. १८८८ सालीं तो कायदा रद्द करावा लागला.

यानंतर नऊ वर्षांनीं प्लेगाचा प्रसंग आला. १८९७ च्या साथरोगाच्या कायद्यानें घरांत शिरून झडती घेण्याचा व माणसांस वेगळे करण्याचा अधिकार अधिकाऱ्यांस मिळाला. पुण्यांत त्याची अंमलबजावणी कशी झाली आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं तिचा शेवट कोणत्या रक्तपातांत झाला, हें मराठी वाचकास सांगण्याची गरज नाहीं. परंतु त्याच साथींत दुसराहि एक मार्ग चालला होता. टिळकांनीं लोकवर्गणीच्या बळावर हिंदु प्लेग इस्पितळ चालविलें. सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या पुण्याजवळच्या दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा करीत असतां स्वतः प्लेगानें आजारी पडल्या व १० मार्च १८९७ रोजीं निवर्तल्या. सोजिरांच्या झडतीपासून रोगी माळ्यावर लपविला जाई. आपल्या माणसांच्या इस्पितळांत तोच रोगी आपण होऊन येई. जेथें तपासणी म्हणजे शिक्षा, तेथें रोग लपतो. लपलेला रोग पसरतो. हा सिद्धांत १८९७ सालींच सिद्ध झाला होता. तो पुढें नव्वद वर्षें आपण विसरलों.

४

हिंदुस्थानांत एड्सच्या विषाणूचा पहिला पुरावा १९८६ सालीं मद्रास येथें मिळाला. तो मिळविणाऱ्या डॉ. सुनीति सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. मद्रासेंत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घराण्यांत त्यांचा जन्म. त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन् निर्मला यांनीं वेश्याव्यवसायांतील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, त्यांत सहा दूषित निघाले. हे नमुने सरकारी ताब्यांतील स्त्रीसुधारगृहांत मिळाले, हें विसरतां येत नाहीं. आरंभच बंदिवासांत झाला. सॉलोमनबाईंनीं मात्र पुढें १९९३ सालीं आपल्या वडिलांच्या नांवानें रोग्यांसाठीं स्वतंत्र केंद्र काढलें आणि दंडाचा मार्ग सोडून शुश्रूषेचा धरला. २०१५ सालीं त्या वारल्या.

आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यास लागूनच असलेल्या गोव्यांत काय झालें तें अधिक बोधप्रद आहे. तेथील सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यांत दुरुस्ती करून एड्सच्या विषाणूची बाधा झालेल्या मनुष्यास सक्तीनें वेगळें ठेवण्याची तरतूद केली होती. पर्रें गांवचा डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमानें रक्तदान करी. त्या रक्ताच्या तपासणींत बाधा आढळली आणि १४ फेब्रुवारी १८८९ नव्हे, १९८९ रोजीं पोलिसांनीं त्यास धरून नेलें. शतक मीं मुद्दाम चुकवून दाखविलें; कृति कोणत्या शतकास शोभणारी होती हें त्यावरून कळावें. म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोगी इस्पितळांत त्यास ६४ दिवस एकट्यास ठेविलें. त्याच्या आईनें, ल्यूसी डिसोझा यांनीं, मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली. गांवकऱ्यांनीं व मित्रांनीं मोर्चे काढले. न्यायालयाच्या आदेशानें तो बाहेर आला. मात्र विलगीकरणाचें कलम न्यायालयानें अखेर वैधच ठरविलें. म्हणजे आई न्यायालयांत हरली. परंतु लोकमत हालले तें हाललेंच, आणि सक्तीच्या जागीं अधिकाऱ्याचा विवेक असा फरक कायद्यांत पडला. १९८९ सालींच राज्यसभेंत अशाच धर्तीचें एक अखिल भारतीय विधेयक आलें होतें. तेंहि पुढें मागें घ्यावें लागलें. डिसोझा २७ मे १९९२ रोजीं मुंबईस वारला. त्याच वर्षीं त्यानें व त्याच्या मित्रांनीं गोव्यांत ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभारली होती. ज्यास समाजानें कुलपांत घातलें त्यानेंच समाजासाठीं दार उघडलें, असें या प्रकरणाचें तात्पर्य आहे.

५

सामाचा पूर्ण प्रयोग पाहावयाचा तर घाट चढून सांगलीस गेलें पाहिजे. तेथें १९९२ सालीं मीना शेषू व त्यांच्या सहकाऱ्यांनीं संपदा ग्रामीण महिला संस्था, म्हणजे ‘संग्राम’, स्थापिली. सांगलीच्या गोकुळनगरांतील व मिरजेकडील वेश्याव्यवसायांतल्या स्त्रियांत निरोधाचा प्रसार करावा हा प्रथम उद्देश. या स्त्रियांपैकीं पुष्कळजणी कानडी मुलुखांतून आलेल्या, यल्लम्मेस वाहिलेल्या. देवदासी वाहण्याची चाल मुंबई इलाख्यांत १९३४ च्या कायद्यानें व कर्नाटकांत १९८२ च्या कायद्यानें बेकायदा ठरली होती; पण कायद्यानें चाल बंद झाली तरी तींत सांपडलेल्या स्त्रियांचें पुढें काय, हा प्रश्न उरला होता.

आरंभीं बाहेरून आलेल्या शहाण्या माणसांवर या स्त्रियांनीं विश्वास ठेवला नाहीं, आणि तो कां ठेवावा ? तोंपर्यंत त्यांच्या वस्तींत बाहेरून येणारा मनुष्य एक तर गिऱ्हाईक, नाहीं तर पोलीस, नाहीं तर उद्धारक. तेव्हां पद्धतीच उलटी करण्यांत आली. उपदेश करणारा बाहेरून आणावयाचा नाहीं. वस्तींतल्याच स्त्रियांनीं आपल्या शेजारणींस सांगावयाचें. गिऱ्हाइकाशीं बोलणें कसें करावें, निरोधावांचून नकार कसा द्यावा, जास्त पैशाच्या लोभास एकीनें बळी पडलें तर सगळ्या गल्लीचा नियम कसा मोडतो, हें डॉक्टरास ठाऊक नसतें. तें त्यांनाच ठाऊक असतें. एकटीचा नकार दुबळा, सर्वांचा नकार हा कायदा, ही गोष्ट त्यांना कोणा पंडितानें शिकवावी लागली नाहीं.

यांतून १९९६ सालीं ‘वेश्या अन्याय मुक्ति परिषद’ उभी राहिली. या नांवांतील समास नीट सोडविला पाहिजे. ‘वेश्यांची अन्यायापासून मुक्ति’ असा त्याचा विग्रह आहे. ‘वेश्यापणापासून मुक्ति’ असा नाहीं. उद्धारकांस हा भेद रुचत नाहीं. परंतु शब्दांचा अर्थ शब्दांचे कर्ते ठरवितात. या परिषदेचें काम सांगली-मिरजेपासून कोल्हापूर, सातारा आणि सीमेपलीकडे बेळगांव जिल्ह्यांतील निपाणीपर्यंत पोंचलें. निरोध वांटणें, दुखणाईत बाईस इस्पितळांत नेऊन तिच्या उशाशीं बसणें, तेथें तिला हिडीसफिडीस झाल्यास भांडणें, वस्तींतले तंटे वस्तींतच समितीनें मिटविणें, मेलेल्या बाईचीं पोरें सांभाळणें, अशा अनेक शाखा त्यास फुटल्या. अमेरिकन सरकारनें आपल्या मदतीस वेश्याव्यवसायाचा निषेध करण्याची शपथ जोडली, तेव्हां २००५ सालीं ‘संग्राम’नें ती मदत नाकारली. ज्यांच्याबरोबर काम करावयाचें त्यांचा निषेध लिहून देऊन पैसा घेणें म्हणजे सामाच्या मुळावरच घाव, हें त्यांनीं ओळखलें.

याच सुमाराचें कलकत्त्याच्या सोनागाछींतील काम प्रसिद्ध आहे. तेथें १९९२ सालीं डॉ. स्मरजित जाना यांनीं आरंभ केला व १९९५ सालीं स्त्रियांची ‘दुर्बार’ समिति झाली. दोन्हीं ठिकाणीं परस्परांपासून दूर राहूनहि निष्कर्ष एकच निघाला, हा योगायोग मानतां येत नाहीं.

येथें प्रतिपक्ष मांडणें न्याय्य होईल. कोणी म्हणेल कीं, या संघटनांनीं व्यवसायास प्रतिष्ठा दिली. अल्पवयीन मुली त्यांत ओढल्या जातात त्याचें काय? आक्षेप हलका नाहीं. परंतु वस्तींत कोवळी मुलगी आणिली गेली तर ती प्रथम कोणास दिसते ? शेजारच्या बाईस. ती बाई पोलिसास भीत असेल तर गप्प राहील. तिच्या पाठीशीं परिषद असेल तर बोलेल. दंडानें जें डोळ्यांआड होतें, तें सामानें दृष्टीस पडतें.

६

औषधांचा इतिहास संक्षेपानें सांगतों. विषाणूस दाबून ठेवणारीं औषधें प्रथम श्रीमंत देशांपुरतींच होतीं. २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या यूसुफ हमीद यांनीं तीं दिवसास एक डॉलरहून कमी खर्चांत देऊं केलीं. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारनें तीं फुकट देण्यास आरंभ केला. आरंभींच्या केंद्रांत मुंबईचें जे. जे. इस्पितळ होतें. औषध नियमानें घेणाऱ्याकडून जोडीदारास बाधा होण्याचा संभव जवळजवळ नाहींसा होतो, हें २०११ सालीं एका मोठ्या जागतिक प्रयोगानें सिद्ध झालें. त्या प्रयोगांत पुणें व चेन्नई येथील केंद्रेंहि होतीं. २०१७ पासून बाधा आढळतांच औषध सुरू करण्याचें धोरण आहे. आज देशांत सुमारें २५ लाख लोक या विषाणूसह जगत आहेत, आणि त्यांत महाराष्ट्रांतील लोकांची संख्या सर्वांत अधिक आहे.

न्यायाचा कांटाहि सरकला. बाधा आहे एवढ्याच कारणानें, काम करण्यास समर्थ असलेल्या मजुरास नोकरी नाकारतां येत नाहीं, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें १९९७ सालीं दिला. २०१७ सालीं संसदेनें स्वतंत्र कायदा केला व तो सप्टेंबर २०१८ पासून अमलांत आला. त्यांत संमतीवांचून तपासणी करण्यास व संमतीवांचून कोणाची बाधा उघड करण्यास मनाई आहे. १८६८ च्या कायद्याशेजारीं हा ठेवून पाहावा, म्हणजे दीडशें वर्षांत दंडापासून सामापर्यंत केवढा पल्ला पडला तें दिसेल.

७

आतां साधनांचा प्रश्न. वस्तींतल्या बैठकांचीं इतिवृत्तें, साथिणींच्या रोजनिशा, निरोधवांटपाच्या वह्या, निरक्षर स्त्रियांसाठीं काढलेलीं चित्रें, भिंतींवरचीं पत्रकें, पथनाट्यांच्या संहिता, रोग्यांनीं घरीं लिहिलेलीं पत्रें हीं या इतिहासाचीं अव्वल साधनें. पेशवे दप्तरांत जिचा शब्द नाहीं ती स्त्री येथें स्वतः बोलते. म्हणून मराठी इतिहाससाधनांत यांचें स्थान मला फार वरचें वाटतें. यांतील पुष्कळसे कागद आजहि रद्दींत जात असतील. तपासणीच्या चिठ्ठ्या ज्या उष्णतेनें उमटणाऱ्या कागदावर निघतात, तो कागद दहा-पंधरा वर्षांत कोरा होतो. आपले जुने बंदी कागद व शाई त्यापेक्षां शतपट टिकाऊ.

परंतु संग्राहकांस येथें सावध करणें अवश्य आहे. आपली संवय अशी कीं, नांव, गांव, मिति मिळाली म्हणजे साधन खरें. या कागदांतलें नांव मात्र जिवंत माणसाचें, नाहीं तर त्याच्या विधवेचें व मुलांचें आहे. तें छापलें तर मुलीचें लग्न मोडेल, घर भाड्यानें मिळणार नाहीं. इतिहासास नांव हवें आणि माणसास आडोसा हवा, या दोहोंत ओढ आहे.

ही ओढ मीं स्वतः अनुभविली आहे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी मुंबईहून गांवीं परत आला. गिरण्यांच्या १९८२ च्या संपानंतर चाकरमान्यांचीं पोरें मिळेल त्या कामास लागलीं, त्यांतलाच तो एक. खाडीकांठच्या घरांत तो आठ महिने पडून होता. गांवांत कुजबूज झाली. विहिरीवर त्याच्या आईस थांबून राहावें लागे. परंतु शेजारची एक गाबीत बाई रोज सकाळीं खळ्यांत पेजेचें भांडें आणून ठेवी, आणि पुढें पुढें आंत येऊन त्यास भरवूं लागली. तिच्यामागून दुसरी आली. कोणी मासे, कोणी नारळ, कोणी औषधाचे पैसे. हें सर्व त्या मुलानें एका शाळकरी वहींत मांडून ठेविलें होतें : तारीख, कोण आलें, काय दिलें, कोण दारांत आलें आणि कोण उंबरठा ओलांडून आंत आलें. शेवटचा रकाना त्यानें वेगळा आंखला होता. तो गेल्यावर आईनें वही मजकडे दिली व म्हणाली, ‘‘मास्तरानुं, ह्यां कोणाक दिसूक नको.’’ मीं ती वही माझ्या घरामागें माडाखालीं जाळली.

त्या दिवशीं मला तें योग्य वाटलें. आज वाटतें कीं, आईनें वही कोणास दिसूं नये म्हटलें होतें, ती असूं नये असें म्हटलें नव्हतें. त्या दोन वाक्यांतला भेद ओळखणें हेंच आयुष्यभर मुलांस शिकविलेल्या मास्तरास तो ऐन वेळीं ओळखतां आला नाहीं. मोहोर करून, पन्नास वर्षें न उघडण्याच्या अटीवर ती वही ठेवतां आली असती. मालवण किनाऱ्यावरच्या लोकशुश्रूषेचें, मला ठाऊक असलेलें एकमेव लेखी साधन माझ्याच हातून नष्ट झालें.

म्हणून संग्राहक-बंधूंस चार सूचना करतों. रोग्यांच्या नोंदवह्या रद्दीवाल्याकडून विकत घेऊं नयेत. आढळल्यास त्या संस्थेस परत कराव्या. कोणाकडून खाजगी कागद मिळाले तर अटी लिहून घ्याव्या व त्या पाळाव्या. नांवें झांकून गांव, काळ व व्यवहार यांची नोंद करावी. बहुतेक इतिहास तेवढ्यानें साधतो. आणि जेथें परिषदेसारख्या संघटना हयात आहेत, तेथें दप्तर त्यांच्याच हातीं राहूं द्यावें; आपण फार तर कागद कसा टिकवावा, पेटी कशी असावी, सूचि कशी करावी हें सांगावें. त्यांनीं आपला रोग आपल्या हातीं घेतला, तसा आपला इतिहासहि त्यांच्याच हातीं शोभतो. दप्तराच्या बाबतींत साम म्हणतात तो हाच.

ज्या वाचकांपाशीं या विषयाचें कांहीं साधन असेल त्यांनीं तें जाळूं नये, एवढी विनंति करून हा लेख पुरा करतों.